मेजवानी आणि दाराबाहेरचा भाऊ



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली शिकलेले बरेच जण आज समोर बसले आहेत. गुरुजी गोष्टीतून शिकवत, आणि गोष्ट सांगून झाली की गप्प बसत. अर्थ मुलांनी लावायचा. त्यामुळे विषय निवडताना मला अडलं नाही. येशूने सांगितलेल्या दाखल्यांवर बोलावं आणि त्यातही त्या दाखल्यांमधल्या आनंदावर बोलावं, असं मी ठरवलं.

ख्रिस्ती धर्म म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर क्रूस उभा राहतो. गुड फ्रायडेची काळी वस्त्रं, उपवास, पापाची कबुली हे सगळं त्या धर्मात आहे आणि ते खरं आहे. पण चारही शुभवर्तमानं एका बैठकीत सलग वाचून पाहा. पानोपानी जेवणावळी आहेत. कुणाच्या घरी पाहुणचार, कुठे लग्न, कुठे डोंगरउतारावर बसलेल्या हजारोंची पंगत. येशूचे विरोधक त्याला खादाड आणि दारुडा म्हणत, हे शुभवर्तमानकारांनी लपवलेलं नाही. योहानाच्या मते त्याचं पहिलं चिन्ह गालीलातल्या काना गावी, लग्नघरी घडलं. तिथे पाण्याचे सहा दगडी रांजण होते आणि योहान त्यांची मापंही देतो. आजच्या हिशेबाने ते पाणी साडेचारशे ते सातशे लिटरच्या घरात जातं. लग्नात द्राक्षारस संपला होता, यजमानाची अब्रू जायची वेळ आली होती, आणि त्या सगळ्या पाण्याचा उत्तम द्राक्षारस झाला. गरजेपेक्षा कितीतरी जास्त. ज्या माणसाची ओळख करून द्यायला योहान ही घटना सर्वांत आधी निवडतो, त्याच्या शिकवणुकीत आनंद कडेला असेल, असं मला वाटत नाही.

गोष्टीतून धर्म सांगायची रीत मराठी माणसाला नवी नाही. चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टान्त केसोबासांनी तेराव्या शतकात ‘दृष्टान्तपाठा’त गोळा केले. आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग त्याचा उलगडा करणारं दार्ष्टान्तिक, अशी त्याची रचना आहे. येशूच्या दाखल्यांना असं दार्ष्टान्तिक क्वचितच मिळतं. पेरणाऱ्याच्या दाखल्यासारख्या एखाददुसऱ्याचा अर्थ तो शिष्यांना बाजूला घेऊन सांगतो, बाकी गोष्टी ऐकणाऱ्याच्या पदरात टाकून तो पुढच्या गावाला निघतो. म्हणून दाखला वाचताना घाई करून चालत नाही. गोष्टीत आपण नेमके कुठे उभे आहोत हे कळेपर्यंत तिथे थांबावं लागतं.

पहिला दाखला अगदी छोटा आहे. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात तो जेमतेम एका वाक्यात संपतो. एका माणसाला शेतात पुरलेलं धन सापडतं. तो ते परत झाकून ठेवतो, आनंदाच्या भरात घरी जातो, होतं नव्हतं ते विकतो आणि ते शेत विकत घेतो. एवढीच गोष्ट. यातला क्रम पाहा. आपल्या मनात धर्माचा क्रम साधारण असा असतो की आधी सोडायचं, झिजायचं, तपायचं, आणि शेवटी कधीतरी आनंद पदरी पडेल. इथे आनंद पहिल्यांदा येतो. विकणं मागाहून येतं, तेही त्या आनंदाच्या जोरावर. या माणसाने त्याग केला असं शेजारीपाजारी म्हणत असतील. त्याला स्वतःला तसं मुळीच वाटत नसणार. येशूच्या सगळ्या दाखल्यांची किल्ली मला या एका वाक्यात दिसते.

आता लूकच्या पंधराव्या अध्यायाकडे येतो. आजचा बराच वेळ मी तिथेच थांबणार आहे.

अध्यायाची सुरुवात कुरकुरीने होते. जकातदार आणि पापी म्हणून हिणवले गेलेले लोक येशूचं ऐकायला जवळ येतात, आणि परूशी व शास्त्री आपसात म्हणतात की हा असल्यांना जवळ करतो, त्यांच्या पंक्तीला बसतो. परूशांना ढोंगी म्हणून मोडीत काढू नये. नियमशास्त्र मनापासून पाळणारी, मोजूनमापून जगणारी, गंभीर माणसं होती ती. जकातदार रोमच्या सत्तेसाठी आपल्याच लोकांकडून पैसा काढत, वर स्वतःचं घर भरत. त्यांच्याबद्दलचा राग समजण्यासारखा होता. कोण कोणाबरोबर जेवतो यावर माणसाची जागा ठरते, हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगायला नको. त्या कुरकुरीला उत्तर म्हणून येशू लागोपाठ तीन दाखले सांगतो.

पहिला, शंभरातलं एक हरवलेलं मेंढरू. धनगर नव्याण्णव रानात सोडून त्याला शोधायला जातो, सापडल्यावर खांद्यावर घेतो आणि घरी येऊन मित्रांना, शेजाऱ्यांना बोलावतो.

दुसरा, बाईच्या दहा नाण्यांतलं हरवलेलं नाणं. हे नाणं म्हणजे द्राख्मा, साधारण एका दिवसाची मजुरी. गालील सरोवराच्या उत्तर काठावर कफर्णहूम इथे उत्खननात त्या काळची घरं सापडली आहेत. भिंती काळ्या बेसाल्टच्या, आपल्या सह्याद्रीतल्या दगडासारख्याच. खिडक्या लहान, खोल्या अंधाऱ्या, आणि जमीन ओबडधोबड काळ्या दगडांची, दगडादगडांत फटी असलेली. अशा घरात नाणं पडलं तर ते कुठे जातं याचा अंदाज येतो. म्हणून ती बाई दिवसाउजेडीही दिवा लावते. तळहातावर मावेल एवढी मातीची पणती असणार ती. केरसुणी घेऊन ती फटीफटीतून घर झाडून काढते. बहुधा नाणं दिसायच्या आधी त्याची खणखण तिला ऐकू आली असेल. मग ती मैत्रिणींना, शेजारणींना हाक मारते. नाणं तिचं, शोधलं तिने, तरी आनंद तिला एकटीला पुरत नाही. धनगरालाही पुरला नव्हता. दोन्ही गोष्टींत आनंद पूर्ण होतो तो चार माणसं घरात आल्यावर. आणि स्वर्गात, देवाच्या दूतांसमोर असाच आनंद होतो, असं येशू जोडून सांगतो. देव शोधतो, हे बऱ्याच धर्मग्रंथांत सापडेल. देवाला सापडल्याचा आनंद होतो आणि त्यासाठी त्याला सोबत लागते, ही कल्पना मला अजून पुरती पचलेली नाही. ती रोज नव्याने चकित करते.

तिसरा दाखला उधळ्या पुत्राचा. धाकटा बापाकडे वाटणी मागतो. भाऊबंदकीत हयात घालवलेल्या आपल्या गावांना ही मागणी ओळखीची वाटेल, पण बाप हयात असताना ती तिथे फार जिव्हारी लागणारी होती. केनेथ बेली नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने मध्यपूर्वेत चार दशकं शिकवण्यात घालवली. मोरोक्कोपासून भारतापर्यंत खेड्यापाड्यांतल्या लोकांना ते विचारत, तुमच्या गावात कुणा मुलाने अशी वाटणी मागितली आहे का? लोक म्हणत, शक्यच नाही, याचा अर्थ बाप मरायची तो वाट पाहतोय. दाखल्यातला बाप मात्र मागणी मान्य करतो. मोशेच्या नियमाप्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा, म्हणजे दोन भावांत थोरल्याचे दोन तृतीयांश, धाकट्याचा एक तृतीयांश. लूक स्पष्ट लिहितो की बापाने मालमत्ता दोघांत वाटून दिली. म्हणजे थोरल्याचा वाटाही त्याच दिवशी ठरला. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मधला भाग तुम्हाला ठाऊक आहे. दूरदेश, उधळपट्टी, दुष्काळ, डुकरं राखायची पाळी, त्यांच्यापुढच्या शेंगांवर पडलेली नजर. पोट पाठीला लागल्यावर धाकटा माफीची वाक्यं घोकत घराकडे निघतो. बाप त्याला दुरून पाहतो आणि धावतो. त्या समाजात वयस्क, प्रतिष्ठित माणूस धावत नसे. अंगरखा वर खोचून, पाय उघडे टाकून पळणं म्हणजे चारचौघांत हसं करून घेणं. बेलींच्या मते तो धावला, कारण गावकऱ्यांच्या शिव्याशाप पोराला गाठायच्या आत त्याला गाठायचं होतं. घोकून आणलेली वाक्यं पुरती ऐकूनही न घेता बाप उत्तम झगा, बोटात अंगठी, पायांत जोडा आणायला सांगतो. जोडा महत्त्वाचा, कारण अनवाणी चाकर असतात. मग पोसलेलं वासरू कापलं जातं. एक वासरू घरच्या चार माणसांना संपत नाही. ही गावजेवणाची तयारी होती.

बहुतेक प्रवचनं इथे संपतात. येशूची गोष्ट मात्र इथे वळण घेते, आणि समोर कुरकुरत उभ्या असलेल्यांसाठी खरी गोष्ट आता सुरू होते.

थोरला शेतातून येतो. दिवसभर राबलेला. वाद्यांचा, नाचाचा आवाज ऐकून थबकतो. सरळ आत जाऊन विचारावं, तर तो एका गड्याला बाहेर बोलावून विचारतो. कारण कळल्यावर संतापतो आणि उंबरा ओलांडायला नकार देतो. घरच्या मेजवानीत थोरल्याने पाहुण्यांची सरबराई करायची असते. तो बाहेर उभा राहणं म्हणजे गावासमोर बापाचा अपमान, धाकट्याने केला होता त्याच तोडीचा. आणि बाप दुसऱ्यांदा घराबाहेर येतो. पाहुणे आत सोडून.

थोरल्याचं बोलणं मी अनेकदा सावकाश वाचलं आहे. तो ‘बाबा’ अशी हाकही मारत नाही. इतकी वर्षं तुमची चाकरी केली, एकही शब्द मोडला नाही, पण मित्रांबरोबर मजा करायला साधं करडूही मिळालं नाही, असा त्याचा हिशेब आहे. भावाला तो भाऊ म्हणत नाही, ‘तुमचा हा मुलगा’ म्हणतो. आणि याने पैसा वेश्यांवर उडवला, असं म्हणतो. लूकने तसं काही सांगितलेलं नाही, उधळपट्टी एवढंच सांगितलं आहे. थोरल्याने ते मनानेच जोडलं. दुसऱ्याच्या पापाचा तपशील राग भरून काढतो. वाटणीचं आठवा. त्या घरातलं जे काही उरलं होतं, करडांच्या कळपासकट, ते त्याच्याच वाट्याचं होतं. त्याला कोणी अडवलं नव्हतं. मुलगा असून तो इतकी वर्षं गड्यासारखा राहिला आणि त्या राहण्यालाच त्याने सद्गुण मानलं.

बाप त्याला रागावत नाही. मायेने ‘बाळा’ म्हणतो. तू सदा माझ्याजवळ आहेस, माझं आहे ते तुझंच आहे, पण आनंद करायलाच हवा होता, कारण हा तुझा भाऊ मेला होता आणि जगला आहे, अशा आशयाचं बोलतो. ‘तुमचा मुलगा’ याला ‘तुझा भाऊ’ असं उत्तर मिळतं. आणि येशू गोष्ट थांबवतो. थोरला आत गेला का? कुरकुरणाऱ्यांनी ते स्वतः ठरवायचं होतं. तुम्हाआम्हालाही.

मला आज जे सांगायचं आहे ते इथून निघतं. आध्यात्मिक वाढ आपण सहसा आपल्या वागण्यात मोजतो. प्रार्थना किती वेळ, दानधर्म किती, किती मोह टाळले. थोरल्याची ही सगळी मोजमापं उत्तम भरली असती. येशू त्याला वेगळंच विचारतो. ज्याला काही मिळायला नको होतं असं तुला वाटतं, त्याला मिळालं तर तुला आनंद होतो का? दुसऱ्याच्या आनंदात शिरता येणं ही येशूच्या मते साधनेची कसोटी आहे. ही कसोटी उपवासाहून कठीण आहे. उपवास मी एकट्याने करू शकतो.

रेम्ब्रांटने आयुष्याच्या अखेरीस, सुमारे १६६८ साली, या दाखल्याचं जवळजवळ साडेआठ फूट उंचीचं चित्र काढलं. ते सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. त्याच वर्षी त्याचा तरुण मुलगा टायटस वारला होता. चित्रात मुलगा गुडघ्यांवर आहे, डोकं भादरलेलं, एका पायातला जोडा निसटलेला, उघड्या तळव्यावर वाटेचे घट्टे. आणि उजवीकडे, उजेडात पण अंतर राखून, हात एकमेकांत गुंतवून एक उंच माणूस ताठ उभा आहे. बहुतेक अभ्यासक त्याला थोरला भाऊ मानतात. हेन्री नोवेन हे डच धर्मगुरू १९८६ साली या चित्रासमोर तासन् तास बसले. आधी ते स्वतःला धाकट्यात पाहत होते. एका मित्राने त्यांना सुचवलं की तुम्ही थोरल्यासारखे आहात, आणि ते हादरले. पुढे त्यांना कळलं की या दोघांच्याही पलीकडे जाऊन बाप व्हायचं आहे, वाट पाहणारा, धावणारा, बाहेर येऊन समजूत घालणारा. हार्वर्डमधली प्राध्यापकी त्यांनी आधीच सोडली होती. १९९६ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी पुढची दहा वर्षं टोरांटोजवळ मतिमंद व्यक्तींच्या सहवासात काढली, त्यांना अंघोळ घालण्यापासून भरवण्यापर्यंत. चित्रातली बापाची ती खांद्यावर ठेवलेली म्हातारी बोटं पाहताना मला नोवेनच्या त्या दहा वर्षांची आठवण होते.

दुसऱ्याच्या आनंदात शिरण्याचा हाच प्रश्न मत्तयाच्या विसाव्या अध्यायात मजुरीच्या रूपाने येतो. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे, नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाच वाजता बाजारात जाऊन मजूर आणतो आणि संध्याकाळी सर्वांना सारखाच एक दिनार देतो. आपल्या शहरांतले मजूर नाके पाहिलेल्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. थापी, घमेलं, डबा घेऊन माणसं सकाळी सातपासून उभी असतात. टेम्पो थांबला की धट्टीकट्टी पोरं आधी उचलली जातात. दहा वाजले की उरलेल्यांच्या चेहऱ्यावर दिवसाचा खाडा दिसू लागतो. संध्याकाळी पाचपर्यंत उभा राहिलेला माणूस आळशी नसतो. कोणी आम्हाला कामाला लावलंच नाही, हे त्याचं उत्तर दाखल्यात जसंच्या तसं आहे. घरी चूल त्याचीही तेवढीच पेटायची असते.

पण दाखल्यातली एक बारीक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. पैसे वाटताना मालक मुद्दाम शेवटच्यांपासून सुरुवात करतो. पहिल्यांना आधी मोजून दिले असते, तर ते ठरलेला दिनार घेऊन खुशीत घरी गेले असते, तक्रार उद्भवली नसती. मालकाला ते नको होतं. शेवटच्या माणसाच्या हातावर पूर्ण दिनार पडताना पहिल्यांनी पाहावं, अशी त्याची इच्छा होती. त्यांना त्रास व्हावा म्हणून त्याने हे केलं असं मला वाटत नाही. आपल्याबरोबरच्या माणसाच्या घरी आज भाकरी होणार, या आनंदात त्यांनाही वाटा मिळावा, अशी त्याची धडपड होती. त्यांनी तो घेतला नाही.

आनंदाबद्दल इतकं बोलताना दुःखाला बगल देणं बरं नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांशी परिपूर्ण आनंदाविषयी बोलतो ते अटकेच्या आदल्या काही तासांत. उदाहरण देतो तेही प्रसूतीच्या वेणांचं. पौलाचं फिलिप्पैकरांस लिहिलेलं चार अध्यायांचं पत्र कैदेतून गेलेलं आहे, आणि त्यात तो पुन्हा पुन्हा आनंद करायला सांगतो. खुशालीत सांगितलेला आनंद असता, तर त्यावर कोणी विश्वास का ठेवावा?

आपल्याकडे पंडिता रमाबाईंचं आयुष्य मला याच पत्राच्या शेजारी ठेवावंसं वाटतं. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी मुली-बायका आणल्या आणि केडगावला मुक्तिसदन उभं राहिलं. अखेरची बरीच वर्षं त्यांनी बायबलच्या भाषांतराला दिली. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा त्या शिकल्या. कमी शिकलेल्या बाईलाही वाचता यावं, असं सोपं मराठी त्यांना हवं होतं. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी आणि कामातली वारस, मनोरमा, वारली. रमाबाईंनी भाषांतराचं काम थांबवलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या, आणि १९२४ साली ते संपूर्ण बायबल मुक्तीच्या स्वतःच्या छापखान्यातून बाहेर पडलं. दुष्काळातून वाचलेल्या स्त्रियांनी चालवलेला तो छापखाना होता. हरवलेल्या नाण्याची गोष्ट खिळ्याला खिळा लावून जुळवणाऱ्या बायकांमध्ये स्वतः सापडलेल्या कितीजणी असतील!

आणि लक्ष्मीबाई टिळक. नारायण वामन टिळकांनी १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई सासर-माहेरच्या माणसांत उरल्या, अपमानाने आणि दुःखाने खचलेल्या. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे परतल्या, तेव्हाही सोवळं सांभाळून, वेगळ्या चुलीवर. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी स्वतःचा बदल टप्प्याटप्प्याने, काही न सजवता लिहिला आहे. कोणाच्या हातचं पाणी प्यायचं, कोणाबरोबर बसायचं, या प्रश्नांनी त्यांना फार छळलं, आणि माणसामाणसांतला हा भेद माणसांनीच केलेला आहे हे एकदा उमगल्यावर त्या सर्वांच्या पंक्तीला बसल्या. अंगणात उभं राहून आतलं गाणं ऐकणारी आणि शेवटी उंबरा ओलांडून आत गेलेली, अशी लक्ष्मीबाई मला दिसते. मराठी साहित्यात थोरल्या भावाला मिळालेलं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

शेवटी यरीहोचा जक्कय. लूकचा एकोणिसावा अध्याय. हा दाखला नाही, घडलेली हकिकत म्हणून लूक ती सांगतो. जक्कय मुख्य जकातदार, श्रीमंत, ठेंगणा. गर्दीतून येशू दिसेना, म्हणून उंबराच्या झाडावर चढून बसला. येशूने वर पाहून त्याला नावाने हाक मारली, आज तुझ्या घरी उतरणार म्हणाला. जक्कय आनंदाने खाली आला. शेतातल्या धनाचाच क्रम इथे आहे, आनंद आधी. त्यानंतर, कोणी न सांगता, त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचं आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करायचं जाहीर केलं. बाहेर लोक कुरकुरत होते की हा पाप्याकडे पाहुणा गेला. त्या कुरकुरणाऱ्यांत जक्कयने लुबाडलेले कितीतरी जण असले पाहिजेत, नाहीतर इतका राग आला नसता. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी जक्कय पैशाची थैली घेऊन दारोदार हिंडला असेल, तर तो त्यांच्याच दारात गेला असेल, आणि ज्या आनंदाला त्यांनी नाकं मुरडली, त्यातलाच चौपट वाटा त्यांच्या हातावर मोजून ठेवला असेल. त्यांच्यापैकी किती जणांनी त्याला आत बोलावून बसायला सांगितलं, ते लूकने लिहिलेलं नाही. काहींनी तरी नक्की सांगितलं असेल, असं मी धरून चालतो.